कोटावरचं नाव

बसा गं दोघी. आणि ती सूर्यफुलाच्या बियांची पिशवी इकडं सरकवा, सगळ्या काय तुम्हीच फोडणार? शेवटची गाडी गेली. आता पावणेपाचच्या पॅसेंजरपर्यंत हॉटेलच्या या काउंटरवर कुत्रंसुद्धा फिरकत नाही.

हा फोन मात्र माझ्या हाताशी राहू दे. मी एका फोनची वाट बघतोय. दर वर्षी चांद्र दहाव्या महिन्याच्या पहिल्या तिथीला, मेलेल्यांना कागदी कपडे जाळून पोचवायच्या रात्री, म्हणजे आज, येतो. साडेदहाला. फार तर अकरा. आता पावणेबारा झालेत... असो. झाला असेल उशीर.

शिन्यू, तू जरा मोबाइल खाली ठेव. तासाभरात तीन वेळा त्या पोराला व्हिडिओ कॉल केलास, 'कुठं आहेस ते दाखव, खोली फिरवून दाखव.' अगं, तो झोपेल कधी? आणि ही यालिन काय सांगत होती मघाशी? त्याच्या आधीच्या मैत्रिणीनं विणून दिलेला मफलर तू कात्रीनं कापलास? हसतेस काय, अवघड आहे बाई तुझं.

पण एक सांगतो. जिवंत बाईचा मत्सर परवडतो. तिच्याशी भांडता येतं, झिंज्या उपटता येतात. मेलेल्या बाईचं काय करशील? ती म्हातारी होत नाही, घोरत नाही, तिच्या हातून भाजीत मीठ जास्त पडत नाही. नवऱ्याच्या डोक्यात ती कायम तीस वर्षांची आणि कायम गोड. तिच्याशी कुणी कसं जिंकायचं?

भूतबित म्हणून सांगत नाही. माझ्या दोस्ताच्या घरातली गोष्ट आहे. आणि घडली या आपल्या हॉटेलात, आठव्या मजल्यावर. ८१२ मध्ये.

फान तुंगशान आणि मी दातोंगच्या रेल्वे वर्कशॉपमध्ये बावीस वर्षं एकाच पाळीत डबे ठोकले. मी त्याला फान्याच म्हणतो. निवृत्त झाल्यावर मी इथं रात्रपाळीला आलो आणि तो गावाकडं गेला, खाणीच्या बाजूला, दोन तासांवर. त्याची बायको लान्यिंग छातीच्या दुखण्यानं वारली. सात वर्षं एकटा राहिला. मग वेनश्याशी लग्न केलं. वेनश्या खाणीच्या कँटीनमध्ये वाफेचे पाव करायची. चव्वेचाळीस वर्षांची, लग्न कधी झालंच नव्हतं. हात कामानं राठ झालेले, जीभ तिखट, पण मनानं लोण्यासारखी. फान्याचं नशीब उघडलं असं आम्ही सगळेच म्हणालो.

पण घरात भिंतीवर लान्यिंगचा फोटो. पलंगावर लान्यिंगनं शिवलेली रजई. आणि फान्या तर काय, अकलेचा कांदा! वेनश्यानं काहीही रांधलं की पहिला घास घेऊन म्हणायचा, 'लान्यिंग यात जरा आलं घालायची.' अरे मेल्या, खा की गप!

सहा वर्षांपूर्वीची गोष्ट. सोमवार होता आणि हीच तिथी. फान्याच्या मुलीला पेइचिंगमध्ये बाळ झालेलं, तिकडं दोघं निघाले होते. सकाळी सहाची गाडी, म्हणून आदल्या रात्री इथं मुक्काम. मी खोली स्वस्तात लावून दिली. संध्याकाळी सातला आले. फान्याच्या हातात गावठी अंड्यांची टोपली आणि वेनश्याच्या हातात कागदी कपड्यांचं पुडकं. दारातून शिरताना या आपल्या दारावरच्या प्लास्टिकच्या पोपटानं बोंब ठोकली, 'या, या, स्वागत आहे!' आणि फान्या दचकून टोपलीसकट उडाला. तुम्ही त्या पोपटाची बॅटरी काढायला बघता ना? काढू नका. माणूस पुढून गेल्याशिवाय तो बोलत नाही, एवढं लक्षात ठेवा.

वेनश्याचा चेहरा बघितला आणि मला कळलं, वाटेत काहीतरी बिनसलंय.

बिनसलं होतं ते असं. स्टेशनच्या बाजारातून येताना एका दुकानाच्या काचेत लाल लोकरीचा कोट टांगलेला. वेनश्या थांबली. आत जाऊन बाहीला हात लावून आली. तिच्या अंगात तेव्हा कँटीनचा जुना निळा कोट, कोपरावर ठिगळ. फान्या म्हणाला, 'पुढच्या वर्षी बघू.' ठीक आहे, तीही पुढं चालू लागली. चार दुकानं सोडून कागदी कपड्यांचं दुकान. दर वर्षी तो गावात लान्यिंगच्या थडग्यापाशी कपडे जाळायचा, या वर्षी प्रवासात असल्यामुळं चौकात जाळणार होता. आणि तिथं हा गृहस्थ पंधरा मिनिटं घासाघीस करत बसला. भावाची नाही गं, कोटाची! 'हा नको, कॉलर उंच हवी, तिला घसा जपावा लागायचा. हा रंग नको, तिला लाल खुलून दिसायचा. बाह्या जरा लांब दाखवा.' दुकानदारीण वेनश्याकडं बघून म्हणाली म्हणे, 'तुमच्याच अंगाला लावून बघू का, ताई?'

लाल. तोही लालच. नाकाला मिरच्या झोंबणार नाहीत तर काय होईल?

आता फान्याचं पुढचं ऐका. काउंटरवर ओळखपत्रं देता देता त्यानं मला कोपऱ्यात ओढलं आणि कानात विचारलं, 'काओ, लेका, ते लोकरीच्या कोटाचं दुकान किती वाजता बंद होतं?'

'नऊला. का रे?'

'तिच्यासाठी घ्यायचाय. सकाळी कपाट उघडून दाखवीन. हिला अर्धा तास बाहेर कसं काढू तेवढं सांग.'

मीच सांगितलं. हो, मीच. म्हटलं, 'गुडघा धरल्याचं सोंग कर आणि कपडे जाळायला तिला पाठव.' आम्हा दोघांना वाटलं, काय झकास युक्ती काढली!

सव्वाआठला वेनश्या पुडकं घेऊन खाली आली. एकटी. म्हणाली, 'काओभावजी, यांचा गुडघा दुखतोय म्हणे. यांच्या बायकोचा कोट आता मी जाळायचा. वर मला सांगतात, थोरली बहीण समज तिला!'

मी हसलो. काय हसलो, देव जाणे.

तिनं पेन मागितलं. तुम्हाला माहीत आहे, कपडे कागदाच्या पाकिटात घालायचे आणि पाकिटावर नाव लिहायचं. ज्याचं नाव, त्यालाच पोचतं. लहानपणापासून आपण हेच ऐकतो. तिनं इथंच, या काचेवर पाकीट ठेवून नाव लिहिलं. मग पेन तसंच धरून उभी राहिली. म्हणाली, 'भावजी, दिसायला कशी होती हो ती? फोटोत काही कळत नाही.'

आणि मी... माझी जीभ झडायला हवी होती. मी म्हणालो, 'लान्यिंग? अहो, फार देखणी! हसली की वर्कशॉपमधली माणसं हातातला हातोडा खाली ठेवायची.'

तिनं लिहिलेलं पाकीट चुरगळलं, कचऱ्याच्या टोपलीत टाकलं. म्हणाली, 'अक्षर बिघडलं. दुसरं पाकीट द्या.' मी दिलं. या खेपेला तिनं डाव्या हाताचा आडोसा करून लिहिलं, परीक्षेला बसलेल्या पोरीसारखं.

मी काचेतून बघत होतो. चौकात आणखी दहा-बारा माणसं होती, प्रत्येकाचं खडूचं कुंडाळं, प्रत्येकाचा जाळ. सगळ्यांचे जाळ सरळ वर चालले होते. वारा नव्हताच. तिचा जाळ तेवढा आडवा झाला. या दाराच्या दिशेनं. मी म्हटलं, बसगाडी गेली असेल बाजूनं.

तोवर फान्या मागच्या दारानं पळत गेला आणि कोट घेऊन पळत आला. कुठला गुडघा नि कुठलं काय! मला लांबूनच पिशवी दाखवून डोळा मारला आणि लिफ्टमध्ये शिरला. वेनश्या परत आली तेव्हा हातापायांनी थिजलेली होती. मी गरम पाणी दिलं. 'नीट झालं ना सगळं?' म्हणून विचारलं.

'झालं की. पोचेल ज्याचं त्याला.'

आणि ती हसली. कधी नव्हे ते मोठ्यानं हसली.

बारा चाळीस झाले होते. इथंच बसलो होतो मी. रजिस्टर लिहीत होतो. एवढ्यात पोपट बोलला.

'या, या, स्वागत आहे.'

मी मान वर केली. दार सरकलं. उघडं राहिलं. गार हवा आली... पण कुणी नाही. दार मिटलं. मग लिफ्टचं दार उघडलं. आपली लिफ्ट कार्ड लावल्याशिवाय वर जात नाही, तुम्हाला सांगायला नको. ती वर गेली. दोन... तीन... पाच... मी आकडे बघत होतो.

आठवर थांबली.

आता वरचं सांगतो. हे मला वेनश्यानं स्वतः सांगितलंय.

तिला जाग आली ती थंडीनं. रजईतसुद्धा दात वाजत होते. बाथरूमची फट तेवढी उजेडाची. आणि कपाटाशी... हँगरचा आवाज. टिंग. टिंग. एक एक बाजूला सारल्यासारखा. तिला वाटलं, फान उठलाय. तिनं हात लांब केला.

फान शेजारीच होता. घोरत होता.

तिनं डोळे गच्च मिटले. कपाटाचं दार सरकलं. पिशवीचा कागद वाजला. मग कुणीतरी बाहीत हात घातला. आधी एक. मग दुसरा. अस्तराची सळसळ. मग बटणं... एक. दोन. तीन. चार. चौथं लवकर लागेना.

मग खोकला. बारीक, कोरडा. छातीतून येणारा.

मग पावलं. पलंगाकडं. तिच्या बाजूला.

थांबली.

आवाज अगदी हळू. राग नव्हता त्यात, असं ती म्हणते. त्याचीच जास्त भीती वाटली.

'धाकटे... माझा तू तुझ्या नावावर घेतलास. मग तुझा मी घेते.'

एवढंच.

...

काय गं यालिन, चहा सांडलास? पूस तो. नाही, अजून संपलं नाही.

सकाळी साडेपाचला फान्या एकदम खुशीत. 'वेनश्या, डोळे मीट.' ती रात्रभर मिटूनच होती बिचारी. त्यानं कपाट उघडलं. 'आता उघड!'

हँगरवर कोट होता. लाल. उंच कॉलरचा. बाह्या जरा लांब... कागदाचा. कुठं जळलेला नाही, काळा पडलेला नाही, घडीसुद्धा मोडलेली नाही. आणि छातीवर ते पाकीट टाचलेलं. पाकिटावर वेनश्याचं अक्षर. आणि नाव तिचं स्वतःचं.

पोरींनो, तोंडावर हात ठेवलात ना? मीही ठेवला होता. आपल्यात असं कुणी करतं का? जिवंत माणसाच्या नावानं? पाच वर्षांचं पोरसुद्धा करणार नाही. पण तिनं केलं. का, ते तिनं मला खाली येऊन सांगितलं, त्या सोफ्यावर बसून, रडत रडत. म्हणाली, 'भावजी, एकदा तरी माझ्या नावाचा कोट असावा असं वाटलं. कागदाचा का होईना. त्यांनी इतक्या मायेनं निवडलेला होता... तो तिला मिळावा हे मला बघवेना.'

आणि फान्या समोर उभा. पांढराफटक. लोकरीचा कोट नाही, दुकानाची पावती तेवढी हातात. त्यानं एकच वाक्य उच्चारलं. 'अगं, मी तुझ्यासाठी घेतला होता.'

तिनं पावती हातात घेतली. दोनदा वाचली. म्हणाली, 'माझ्यासाठी? लाल?'

'तू बाहीला हात लावलास तेव्हाच ठरवलं होतं.'

मी तिच्याकडं बघू शकलो नाही गं. उठून उगाच त्या टाकीतल्या माशांना दाणे घातले. रात्री एक शब्द फान्या बोलला असता, एक शब्द मी बोललो असतो, तर ती ते पाकीट कशाला चुरगळती? मी नंतर कचऱ्याच्या टोपलीतून काढून बघितलं. पहिल्या पाकिटावर तिनं लान्यिंगचंच नाव लिहिलं होतं. ठसठशीत, सुवाच्य. मी ती देखणी होती म्हणून सांगितलं, आणि मग दुसरं पाकीट मागितलं तिनं.

खोली सोडताना तपासणी होतेच आपल्याकडं. वरून कामवालीचा आवाज आला वॉकीटॉकीवर, '८१२ ठीक आहे. टॉवेल आहेत, किटली आहे. कपाटात पाहुण्यांचा एक कोट राहिलाय.' मग जरा थांबून, 'काओकाका... कागदाचा आहे.'

फान्या म्हणाला, जाळून टाकू. मी त्याच्या अंगावर ओरडलो. 'अरे गाढवा, तिच्या नावानं पुन्हा जाळतोस? आणि पोचला म्हणजे?' टाकायचा म्हटलं, तर कचरा शेवटी जाळतातच. ठेवून घ्यायचा, तर घरी कोण ठेवणार? शेवटी वेनश्याच म्हणाली, 'भावजी, तुम्ही ठेवा. जाळू नका, फेकू नका, कुणाला हात लावू देऊ नका. जोवर तो इथं आहे तोवर मी इथं आहे.'

म्हणून तो आपल्या विसरलेल्या सामानाच्या कपाटात आहे. हो, हेच, तुमच्या पाठीमागचं. सगळ्यात वरच्या कप्प्याला कुलूप आहे ना, ते कशाला म्हणून तू विचारलं होतंस शिन्यू, त्यासाठी. मी हँगरला नेहमीसारखी चिठ्ठी बांधली. 'खोली ८१२. कोट एक. लाल. कागदी.' किल्ली कायम माझ्या कमरेला.

त्यानंतर वेनश्या दर वर्षी लान्यिंगचे कपडे स्वतः जाळते. नाव एवढं मोठं लिहिते. फान्या आता पहिला घास घेऊन गप्प खातो. आणि ते झालं की रात्री ती मला फोन करते. फार बोलत नाही. 'काओभावजी, आहे ना जागेवर?' मी किल्ली घेतो, उघडतो, बघतो, कुलूप लावतो. 'आहे वेनश्या. जशाच्या तसा.' मग ती श्वास सोडते. मला ऐकू येतो. म्हणते, 'बरं. झोपा आता.' पाच वर्षं झाली, कधी चुकलं नाही. गेल्या वर्षी तर हसली. म्हणाली, 'भावजी, यांनी विचारलं, लाल कोट घ्यायचा का? मी म्हटलं निळाच बरा.' सुखी वाटली गं. खरंच वाटली. थोडी खोकत होती एवढंच.

किती वाजले?

बारा अडतीस?

अकराच्या पुढं कधी गेलं नाही... मी मघाशी एकदा लावून बघितला. तुम्ही जेवायला गेला होता तेव्हा. फान्या उचलत नाही. तीही उचलत नाही.

असेल. बॅटरी संपली असेल.

...

कोण आलं?

नाही, तुम्हीही ऐकलंत ना? 'या, या' म्हणाला ना तो? मग दारात कोण आहे? यालिन, तू बस. बस म्हणतो ना! दार उघडंच आहे... गार हवा येतेय.

मिटलं.

लिफ्ट?... नाही. लिफ्ट खालीच आहे. हलली नाही.

शिन्यू, जरा बाजूला सरक. कपाटापासून बाजूला हो. मी उघडतो. किल्ली... ही, कमरेलाच आहे. कुलूप लावलेलंच आहे, बघा. दोघी बघा. मी आत्ता तुमच्या समोर काढतोय.

हं.

...

चिठ्ठी आहे. माझ्याच अक्षरातली. 'खोली ८१२. कोट एक. लाल. कागदी.'

पण हा कागदी नाही गं.

लोकरीचा आहे. दुकानाचा बिल्ला तसाच आहे बाहीला... आणि चौथं बटण लावलेलं नाही.

कागदाचा कुठाय? खाली बघ. मागं बघ. नाही... पाकीटही नाही. म्हणजे पोचला... ज्याचं नाव, त्याला.

शिन्यू, नको, हात नको लावूस... लावलास? काय झालं? बोल ना.

अस्तर गरम आहे?